टॉन्सिल काढले, तरी घोरणे थांबले नाही: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लहान मुलांचे घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागातून अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी मुलाची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे आणि तरीही त्रास उरला आहे. म्हणून या अंकातील सदर त्याच एका प्रश्नाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: माझा मुलगा सात वर्षांचा आहे. गेल्या वर्षी त्याचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) काढले. त्यानंतर काही महिने चांगले गेले. आता तो पुन्हा मोठ्याने घोरतो, तोंड उघडे ठेवून झोपतो, मध्येच श्वास थांबतो आणि मग दचकून कूस बदलतो. अंथरूण ओले करणे बंद झाले होते, तेही परत सुरू झाले. वर्गात लक्ष नसते, असे शाळेतील बाई सांगतात. डॉक्टरांनी पुन्हा स्लीप स्टडी (रात्रभर झोपेतल्या श्वासाची तपासणी) करायला सांगितली असून बहुधा सीपॅपचे, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारे, यंत्र लावावे लागेल, असे म्हटले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की घोरणारे मूल गाढ झोपलेले असते आणि ऑपरेशन झाल्यावर पुन्हा यंत्र कशाला. खरोखर गरज आहे का? (एक आई, खानापूर तालुका)

उत्तर: आपण वर्णन केलेली सगळी लक्षणे एकाच दिशेने बोट दाखवतात, त्यामुळे डॉक्टरांनी सुचवलेली तपासणी पुढे ढकलू नये, असे मी सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगतो. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. दोन ते आठ वर्षांच्या वयात श्वासमार्गाच्या मानाने टॉन्सिल आणि ॲडेनॉइड मोठे असतात, म्हणून या वयात मार्ग बंद पडण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण ठरते आणि पहिला उपाय म्हणून ते काढले जातात. परंतु मार्ग अरुंद असण्याचे तेच एकमेव कारण असेल, असे नाही. जबडा लहान असणे, टाळू उंच आणि अरुंद असणे, नाक ॲलर्जीने सतत चोंदलेले असणे, वजन जास्त असणे किंवा स्नायूंचा ताण जन्मतःच कमी असणे, यांपैकी काही असेल तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही श्वास अडकणे उरते. काही मुलांमध्ये ॲडेनॉइड पुन्हा वाढते, तर काहींमध्ये जिभेच्या मुळाशी असलेली टॉन्सिलसारखी गाठाळ पेशीजाळी मोठी होते.

हे किती मुलांच्या बाबतीत घडते, याचा अंदाज दोन मोठ्या अभ्यासांवरून येतो. २०१३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते ९ वर्षांची ४६४ मुले होती. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली, आणि केवळ देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. याचा अर्थ, निवडून घेतलेल्या आणि एरवी निरोगी असलेल्या मुलांमध्येसुद्धा शस्त्रक्रियेनंतर पाचांपैकी एकाचा त्रास उरला. त्याआधी २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक केंद्रांतील ५७८ मुलांच्या पाहणीत निकष अधिक कडक होता आणि वजन जास्त असलेली मुलेही बरीच होती; तिथे पूर्णपणे सामान्य झालेल्यांचे प्रमाण जेमतेम २७ टक्के भरले. वय सातपेक्षा जास्त, वजन जास्त, दमा, आणि आधीचा आजार तीव्र, अशा मुलांमध्ये तो उरण्याची शक्यता अधिक आढळली. तेव्हा आपल्या मुलाचे ऑपरेशन वाया गेले, असे मनात आणू नका. बहुधा त्याचा काही भार हलका झाला आहे आणि उरलेला भाग अजून शोधायचा आहे.

सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा एक करावे. पहाटे चार-पाचच्या सुमारास मुलाची छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाईलवर घ्यावा. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि लहान मुलांचा श्वास प्रामुख्याने त्याच झोपेत अडकतो. झोपेच्या सुरुवातीला सगळे ठीक दिसून आई-वडिलांची फसगत होते ती यामुळेच. छाती हलते आहे, पोट आत-बाहेर होते आहे, पण नाकातोंडातून आवाज नाही आणि मग एकदम धाप, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की गाढ झोपेची समजूत आपोआप मागे पडते. तोच व्हिडिओ डॉक्टरांनाही दाखवावा.

स्लीप स्टडीच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती पालकांना क्वचितच सांगितली जाते. आपल्याकडील बऱ्याच निद्रा-प्रयोगशाळा मुख्यतः प्रौढांच्या तपासण्या करतात. प्रौढांमध्ये श्वास दहा सेकंद अडकला तरच तो मोजला जातो आणि तासाला पाचपर्यंतचा आकडा सामान्य धरला जातो. मुलांसाठी नियम वेगळा आहे. दोन श्वासांइतका वेळ अडथळा आला, तरी तो मोजायचा असतो, आणि तासाला एकापेक्षा जास्त आकडा असामान्य मानला जातो. ढोबळमानाने १ ते ५ म्हणजे सौम्य, ५ ते १० म्हणजे मध्यम आणि १० च्या वर म्हणजे तीव्र. अहवालावर 'सामान्य' असे छापलेले असले आणि आकडा ४ असला, तर तो अहवाल लहान मुलांच्या निकषांनी वाचला आहे का, हे जरूर विचारावे. तपासणीसाठी बेळगावातील वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत आधी चौकशी करावी. आपल्या भागातील लोक मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा गोव्यालाही जातात. पण कुठेही गेलात तरी लहान मुलाची तपासणी करण्याचा सराव तिथे आहे का, हे निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्यावे, म्हणजे मुलाला घेऊन व्यर्थ हेलपाटा होणार नाही.

अहवाल आल्यावर लगेच यंत्र, असाही क्रम नाही. आजार सौम्य असेल आणि नाक चोंदलेले असेल, तर नाकात मारण्याचा स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे वापरून पाहता येतो. मॉन्टेल्युकास्ट ही गोळीही दिली जाते, मात्र तिच्यामुळे काही मुलांमध्ये चिडचिड, दुःस्वप्ने किंवा मनःस्थितीत बदल होऊ शकतो. याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली तिच्यावर सर्वांत ठळक इशारा छापायला लावला, म्हणून ती चालू असताना मुलाच्या वागण्यावर लक्ष ठेवावे. टाळू अरुंद असेल तर दंतवैद्य तो हळूहळू रुंदावण्याची पट्टी बसवतात. अडथळा नेमका कुठे आहे हे कळत नसेल, तर औषधाने झोपवून नाकातून दुर्बीण घालून पाहतात. हे सगळे तपासून झाल्यावर, किंवा आजार मध्यम अथवा तीव्र असून दुसरी शस्त्रक्रिया उपयोगाची नसेल तेव्हा, सीपॅप हा सर्वांत भरवशाचा उपाय उरतो. आपल्या मुलाची लक्षणे पाहता त्याच्या डॉक्टरांनी त्याचा उल्लेख आधीच केला, यात मला काही वावगे वाटत नाही.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर सीपॅप लावायला सांगितले आहे. यंत्र भाड्याने आणले, पण ती मास्क ओढून फेकते आणि रडते. दोन रात्री आम्ही दोघांनी तिचे हात धरून लावून पाहिले, आता ती यंत्र पाहिले तरी घाबरते. हे म्हणजे मुलाला ऑक्सिजनवर ठेवणेच ना? एकदा सवय लागली की आयुष्यभर सुटत नाही, असे शेजारी सांगतात. घरी आई आणि वहिनी विड्या वळतात, त्याचा काही संबंध असेल का? (वडील, निपाणी)

उत्तर: आपली काळजी मला समजते, आणि मुलगी घाबरली हे अगदी स्वाभाविक आहे. आधी यंत्राविषयी सांगतो. सीपॅपमध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो. ते यंत्र खोलीतलीच हवा गाळून घेते आणि ठरावीक, सौम्य दाबाने नाकात सोडते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा नसली की तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि थोडी हवा भरली की त्या दूर होतात. झोपेत सैल पडलेल्या घशाचे या दाबामुळे तसेच होते. श्वास मुलगी स्वतःच घेते, यंत्र फक्त तिचा मार्ग उघडा ठेवते. ही पद्धत ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रथम प्रसिद्ध केली. मुलांमध्ये दाब साधारणपणे पाण्याच्या ४ सेंटिमीटरपासून (हे दाब मोजण्याचे एकक आहे) सुरू करतात आणि तपासणी चालू असताना श्वास मोकळा होईपर्यंत थोडाथोडा वाढवतात. बारा वर्षांखालील मुलांत तो १५ च्या वर नेऊ नये, असा संकेत आहे. श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब देणारे यंत्र म्हणजे बायपॅप. जास्त दाब सहन होत नसेल, किंवा स्नायूंच्या आजारामुळे अथवा अति वजनामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असेल, तर ते वापरतात. दोन्ही उपचारांत घशाला छिद्र पाडावे लागत नाही किंवा आत नळी घालावी लागत नाही.

व्यसन लागावे तशी याची सवय लागत नाही. यंत्र एक रात्र लावले नाही, तर त्या रात्री आधीसारखाच त्रास होतो, आजार त्यामुळे वाढत नाही. मूल मोठे होते, जबडा वाढतो, वजन आटोक्यात येते, तसतशी अनेक मुलांची यंत्राची गरज कमी होते आणि काहींची संपते. काहींना मात्र ते बरीच वर्षे लागते. म्हणून वर्षातून निदान एकदा, आणि लहान मुलांत त्याहून लवकर, दाब आणि मास्क दोन्ही पुन्हा तपासावे लागतात.

आता खरा मुद्दा. या उपचाराचे यश यंत्राच्या किमतीवर फारसे अवलंबून नसते, ते पहिल्या काही आठवड्यांत मुलाला कसे तयार केले यावर असते. हात धरून मास्क लावणे ताबडतोब बंद करा. सध्या काही दिवस रात्रीचा प्रयत्नच सोडून द्या आणि दिवसा सुरुवात करा. प्रथम मास्क नुसता तिच्या हातात द्या, तिला तो बाहुलीला लावू द्या, मग स्वतःच्या गालाला आणि नाकाला टेकवू द्या. दूरदर्शनवरचा आवडता कार्यक्रम पाहताना पट्टे न आवळता काही मिनिटे मास्क, त्यानंतर पट्ट्यांसह, त्यानंतर नळी जोडून सर्वांत कमी दाबाची हवा. प्रत्येक टप्पा ती न रडता पार पाडेल तेव्हाच पुढचा. मग दुपारी आडवे पडून आणि शेवटी रात्री झोपताना. काढायचा असेल तेव्हा तिने सांगावे आणि आपण काढावा. तिने स्वतः ओढून काढला, तर शांतपणे पुन्हा लावावा, रागावू नये. मास्क काढून फेकला की सुटका होते, हे तिला शिकवले जाऊ नये आणि मास्क म्हणजे शिक्षा, हेही नाही. या तयारीला दोन आठवडे लागोत की सहा, ते वाया जात नाहीत. बऱ्याच यंत्रांत किती तास वापर झाला याची नोंद राहते. ती दर भेटीला डॉक्टरांना दाखवावी. उद्दिष्ट पूर्ण रात्रीचे ठेवा, पण सुरुवातीच्या तीन-चार तासांनाही मोल आहे.

मास्क नाकापुरता असेल तर उत्तम. तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क लावलेल्या लहान मुलाला उलटी झाली, तर ती श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. ज्याला तो स्वतः काढता येत नाही, अशा मुलाला तो डॉक्टरांच्या सूचनेशिवाय लावू नये. मास्कवर बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून हवा सतत बाहेर जाते. ती गळती मुद्दाम ठेवलेली असते, कारण उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच बाहेर पडतो. आवाज येतो म्हणून ती छिद्रे चिकटपट्टीने कधीही बंद करू नका. नाकाच्या दांड्यावर लाली दिसली, तर पट्टे ढिले करा. हवा गळू नये म्हणून आवळतच जाण्याने त्वचेला जखम होते. वर्षानुवर्षे घट्ट मास्क वापरल्याने काही मुलांच्या चेहऱ्याचा मधला भाग थोडा दबल्याचे आढळते, म्हणून वाढत्या वयात दंतवैद्याची नजरही हवी.

विड्यांविषयी आपण विचारले हे फार चांगले केले. तंबाखूच्या धुळीने आणि धुराने नाकाचा आणि घशाचा आतला थर सुजलेला राहतो. घरात धूम्रपान असेल, तर मुलांच्या घोरण्याचे प्रमाण वाढते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. विड्या वळणे हे आपल्या घरातील बायकांच्या कमाईचे साधन आहे, ते सोडा असे मी सांगणार नाही. परंतु सूप, पाने आणि तंबाखू मुलगी झोपते त्या खोलीत ठेवू नयेत, ती खोली ओल्या फडक्याने पुसावी आणि घरात कोणी विडी ओढत असेल तर ती दाराबाहेर. यंत्राचा हवा गाळणारा फिल्टर अशा घरात लवकर काळवंडतो, तो वेळोवेळी तपासून बदलावा. नाकाचा त्रास कमी झाला की मास्कही जास्त सहन होतो.

प्रश्न: आमचे गाव जांबोटीच्या पुढे जंगलपट्ट्यात आहे. पावसाळ्यात झाडे पडून रात्र-रात्र वीज नसते. मुलाला यंत्र लावले असताना वीज गेली तर तो गुदमरेल का? आणि ओळखीच्या माणसाकडे जुने यंत्र स्वस्तात मिळते आहे, ते घ्यावे का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर: नाकाचा मास्क असेल, तर यंत्र बंद पडल्यावर मूल तोंडाने श्वास घेऊ शकते आणि बहुधा जागेही होते, तरीही लहान मुलाजवळ एक मोठे माणूस झोपलेले असावे आणि वीज गेल्यावर मास्क काढावा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर यंत्र सहसा चालते. हवा ओलसर करणारा भाग बंद ठेवला, तर वीज खूपच कमी लागते. तो भाग वापरताना मात्र डिस्टिल्ड पाणीच घाला, कारण बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात साठतात, आणि उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाका. पावसाळ्यात मास्क आणि नळी लवकर वाळत नाहीत, म्हणून सौम्य साबणाने धुऊन सकाळीच पंख्याखाली टांगावे.

जुन्या यंत्राबाबत सावध राहावे. अनेक घरगुती यंत्रे ३० किलोंपेक्षा जास्त वजनाच्या व्यक्तींसाठीच बनवलेली असतात आणि लहान मुलाचा हलका श्वास त्यांना नीट ओळखता येत नाही. शिवाय २०२१ साली एका मोठ्या कंपनीने, आतला ध्वनिरोधक फोम झिजून त्याचे कण श्वासात जाऊ शकतात म्हणून, जगभरातून लाखो यंत्रे परत बोलावली होती. यंत्राचे मॉडेल आणि क्रमांक लिहून घेऊन आधी डॉक्टरांना दाखवा. मास्क मात्र दुसऱ्याचा वापरलेला घेऊ नका.

प्रश्न: माझ्या नातवाला डाउन सिंड्रोम आहे, वय पाच. तो बसल्या-बसल्या, मान मागे टाकून झोपतो. त्याचे टॉन्सिल काढले आहेत. अशी मुले घोरतातच, असे आम्हाला सांगण्यात आले. यंत्राचा खर्चही झेपणारा नाही. (आजोबा, चिकोडी तालुका)

उत्तर: आजोबा, अशी मुले घोरतातच, हे खरे आहे, म्हणून ते सोडून द्यावे, हे खरे नाही. या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, जीभ तुलनेने मोठी आणि स्नायू सैल असल्यामुळे त्यांच्यातील निम्म्याहून अधिकांचा श्वास झोपेत अडकतो. याच कारणाने अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने डाउन सिंड्रोम असलेल्या प्रत्येक मुलाची स्लीप स्टडी, लक्षणे नसली तरीही, चार वर्षांच्या आत करावी असे सुचवले आहे. बसून आणि मान मागे टाकून झोपणे म्हणजे मूल स्वतःच आपला श्वासमार्ग उघडण्याची धडपड करते आहे. शस्त्रक्रियेनंतर तपासणी झाली नसेल तर ती लवकर करून घ्या. हृदयाचा जन्मजात दोष असेल तर तर अजिबात थांबू नका, कारण रात्रीच्या कमी ऑक्सिजनने फुप्फुसातील रक्तदाब वाढतो. अशी मुले मास्क लावून घेत नाहीत, असा समज आहे, पण वरच्या उत्तरात सांगितलेल्या पायऱ्या अधिक सावकाश घेतल्या, तर त्यांतली कित्येक रोज रात्री स्वतःहून मास्क मागतात.

खर्चासाठी तीन ठिकाणी विचारा. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची 'निरामय' आरोग्य विमा योजना बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी आहे आणि तिची मर्यादा एक लाख रुपयांची आहे. रुग्णालयातील उपचारांसाठी आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातील ८६५ गावांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली. आपले गाव त्या यादीत असल्यास रुग्णालयात या योजनेची मदत करणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. घरी वापरायचे यंत्र कोणत्या योजनेत बसते, हे तोंडी न विचारता लिहून घ्यावे. यंत्र वापरण्याच्या सूचना कन्नड किंवा इंग्रजी कागदावर दिल्या आणि घरात कोणाला नीट वाचता येत नसेल, तर संकोच न करता तंत्रज्ञाला सगळे मराठीतून करून दाखवायला सांगा आणि त्याची परवानगी घेऊन मोबाईलवर चित्रण करून ठेवा. हे मागणे आपला हक्क आहे.

प्रश्न: चौदा वर्षांच्या मुलाला वजनामुळे सीपॅप लावले आहे. त्याने आता सहा किलो कमी केले, घोरणेही थांबले आहे. यंत्र बंद करावे का? (आई, बेळगाव शहर)

उत्तर: त्याचे मनापासून कौतुक करा, कारण या वयात हे सोपे नाही. यंत्र मात्र स्वतःहून बंद करू नका. घोरणे थांबले तरी श्वास अडकणे उरलेले असू शकते. डॉक्टर बहुधा काही रात्री यंत्राशिवाय झोपवून, त्यानंतर यंत्राविनाच स्लीप स्टडी करतील. तिचा आकडा सामान्य आला, तर यंत्र बाजूला ठेवता येईल. तरी भाड्याचे यंत्र परत करण्याआधी सर्दी-पडशाचा एक मोसम जाऊ द्यावा आणि वजन पुन्हा वाढू लागले किंवा सकाळी डोके दुखू लागले, तर लगेच दाखवावे.